बागुलबुवा, हाऊ, झोळीवाला: तुमच्या लहानपणी कोण यायचं?

पारिजात_पुणे | रविवार, रात्री ९:२०

माझी मुलगी पावणेचार वर्षांची आहे. अलीकडे संध्याकाळी दिवे लागले की ती गॅलरीकडे पाठ करून बसते. रात्री बाथरूमला जायचं तरी कुणाचा तरी हात घट्ट धरून. विचारलं तर म्हणते, "झोळीवाला उभा आहे." दुपारी तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी प्रत्येक घासाला त्याला बोलावतात, हे मागाहून कळलं. मावशी अतिशय मायाळू आहेत, मुलीचाही त्यांच्यावर जीव आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपण सगळे बागुलबुवाच्या धाकावर जेवलो आणि धडधाकट वाढलो. सासूबाई म्हणतात, वयानं जाईल.

तुमच्या घरी कोण यायचं, आणि ती भीती गेली कशी? आणि मुलांना असं काही दाखवावं का? मला वाटतं, दाखवू नये. पण माझ्या आजीच्या भुतांच्या गोष्टी मला अजूनही प्रिय आहेत, त्यामुळे नेमकं काय खटकतंय ते मला बोट ठेवून सांगता येत नाही.

अनुस्वार | रविवार, रात्री ९:३४

आमच्याकडे हाऊ. त्याला ना तोंड, ना हात, ना कपडे. आजीला विचारलं, हाऊ दिसतो कसा? ती म्हणाली, "ज्यानं बघितला तो सांगायला राहिला नाही." या एका वाक्यावर आम्ही सगळी चुलत भावंडं सातच्या आत घरात असायचो.

गडनदी | रविवार, रात्री १०:०५

छान विषय काढलात पारिजातताई.

आमच्या मालवणी मुलखात भुतांची कमी नाही, पण घाबरवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला बुवा आमच्या घरी तरी नव्हता. आमच्याकडे राखणदार. शेताच्या कडेला, मोठ्या झाडाखाली एखादा दगड असतो, तिथून जाताना आजा म्हणायचा, "हयसून गपचूप चल रे, राखणदाराची जागा आसा." मी घाबरून त्याचा हात धरला की पुढचं वाक्य ठरलेलं: "भियाचा नाय, तो आपलोच आसा." वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा, विडी-काडी असं काय ते मिळायचं. रात्री शेतावरून उशीर झाला तर तोच सोबत करतो, अशी घरातल्या थोरांची पक्की समजूत.

वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, भुतांचा राजा. माणसाहून उंच मूर्ती, डोळे असे की लहान मुलानं आईच्या पदराआडच जावं. पण देवळात एका बाजूला चामड्याच्या चपलांचे जोड ठेवलेले असतात, कुणाही माणसाच्या पायात न मावणारे. लोक नवस फेडायला ते आणतात. वेतोबा रात्री गावाभोवती फेऱ्या घालतो, त्यात चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. केळ्यांचे घड वाहतात ते वेगळेच. झिजलेले तळवे मला वडिलांनी बोटानं दाखवले होते. त्या रात्री मी शांत झोपलो, कारण एवढा मोठा माणूस बाहेर जागा होता.

म्हणून मला वाटतं, भीती दाखवली की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. तो जो कोणी आहे, तो पोराच्या बाजूनं आहे की विरुद्ध, ते आधी बघावं.

सातेरीचे_शेत | रविवार, रात्री १०:२२

गडनदी, अगदी आमच्या मनातलं लिहिलंत. गोव्यात आमचा देवचार असाच. हातात काठी आणि दिवटी घेऊन बांधावरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. पावसाळ्यात रात्री मळ्यात उजेड हलला की आई म्हणायची, देवचार चालला. आम्ही खिडकीतून हात जोडायचो. काणकोणात लोलयेला उघड्यावर बेताळाची जुनी मोठी मूर्ती आहे, ती बघायला मुलांना जरूर न्या. भीती वाटते आणि पुन्हा बघावंसंही वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०:४१

आमच्याकडे हाकामारी! रात्री दाराबाहेरून कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती आईच्या, मावशीच्या, मित्राच्या आवाजात बोलावते म्हणे. खरं माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपायचो, तेव्हा माय रोज रात्री बजावायची. एकदा माझे वडील शेतावरून उशिरा आले, दारात उभं राहून हाका मारतायत, आणि आत आम्ही भावंडं एकमेकांचं तोंड दाबून पडलेलो. शेवटी ते ओरडले, "अरे, मी हावो, तुमचा बाप! भूक लागली!" तरी धाकटी म्हणते, "आणखी एकदा म्हणू द्या."

तुंगभद्रा | रविवार, रात्री १०:५८

@वऱ्हाडी_ठेचा, मी बेळगावची, आता बंगळुरूत. हीच बाई आमच्याकडे १९९० च्या दशकात आली होती. लोकांनी दारांवर, भिंतींवर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहिलं, म्हणजे 'उद्या ये'. ती येणार, वाचणार आणि परत जाणार. दुसऱ्या दिवशी आली तर पुन्हा तेच. शाळेतून येताना आम्ही कुणाच्या दारावरचं अक्षर पुसट झालंय ते बघायचो आणि खडूनं गिरवून द्यायचो. भूत शिकलेलं आहे आणि दिलेला शब्द पाळतं, याचा मला फार आधार वाटायचा.

गडनदी | रविवार, रात्री ११:०३

@तुंगभद्रा, अक्षर गिरवून देणारी मुलं! फार आवडलं.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ७:१५

मी वेगळं मत मांडतो. भीतीला काम असतं. आमच्या वाडीत विहिरीच्या थारोळ्यापाशी शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या सात आसरा. भर दुपारी, तिन्हीसांजेला एकट्या पोरानं विहिरीवर गेलं तर त्या आत ओढतात. विहिरीला कठडा नव्हता, पायऱ्या शेवाळलेल्या, मोठी माणसं दिवसभर रानात. चार-पाच वर्षांच्या पोराला पाण्याची खोली, शेवाळं, दम कोंडणं हे समजावणार कोण आणि कसं? आसरा एका वाक्यात समजतात. मुंजा पिंपळावर असतो म्हणून रात्री झाडाखाली जात नाहीत. गिऱ्हा डोहात असतो म्हणून पुराच्या पाण्याशी कुणी खेळत नाही. आजच्या आईबापांना गेटवर रखवालदार आणि टाकीला झाकण मिळालंय, म्हणून त्यांना हे क्रूर वाटतं.

सुकडी | सोमवार, सकाळी ९:४०

कृष्णाकाठ, तुमच्या वाडीसारखीच आमची वाडी. आमच्याकडेही आसरा होत्या. पण वडिलांनी काय केलं, तर आसरांना हळदकुंकू वाहिलं, आमच्या पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधला आणि विहिरीत सोडलं. उन्हाळा संपेपर्यंत सगळी पोरं पोहत होती. विहिरीवर एकटं जायचं नाही हा नियम तसाच राहिला, त्याला आता कारणही होतं. पोहता न येणारं घाबरलेलं पोर पाण्यात पडलं तर आसरांची गोष्ट त्याला वर काढत नाही.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ९:५८

@सुकडी, डबा आमच्याही पाठीला होता. पण तो सात-आठ वर्षांचा झाल्यावर. त्याआधीची वर्षं आसरांनीच राखली, यावर मी ठाम आहे.

बालवैद्य | सोमवार, दुपारी १:२०

बालरोगतज्ज्ञ म्हणून लिहिते.

पारिजातताई, तीन ते सहा या वयात अंधार, राक्षस, पलंगाखालचं कुणीतरी याची भीती वाटणं अगदी नेहमीचं आहे. या वयात कल्पनाशक्ती जोरात धावते, पण कल्पनेतलं आणि खरं यांतली भिंत अजून कच्ची असते. पुढे शाळेच्या वयात बहुतेक मुलांची ही भीती ओसरते आणि तिची जागा चोर, अपघात, आईबाबांचं आजारपण अशा खऱ्या गोष्टी घेतात. सासूबाईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे.

रात्री ती कशी उठते ते बघा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठत असेल, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी काहीच आठवत नसेल, तर ते गाढ झोपेतलं दचकणं. तेव्हा हलवून जागं करू नका, पडून लागणार नाही एवढं बघा आणि जवळ थांबा. उत्तररात्री रडत उठून स्वप्न सांगत असेल तर ते वाईट स्वप्न. त्याला मात्र कुशीत घेणं आणि ऐकून घेणं हेच औषध. झोप रोज मोडत असेल, किंवा ती दिवसाही खेळणं-खाणं टाळू लागली असेल, तर तुमच्या डॉक्टरांना भेटा.

आता मावशींच्या घासाबद्दल. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या तीनेक वर्षांच्या मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि त्या वेळी ससा खोलीत, पण खूप लांब ठेवायचा. दर खेपेला थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. खाण्याच्या आनंदाला जोडून भीती सोडवता येते, हे त्यांनी दाखवलं. तुमच्या घरी दोर उलटा वळला जातोय: खाण्यालाच भीती जोडली जातेय. माझ्याकडे येणाऱ्या 'जेवतच नाही' या तक्रारीमागे मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

अनुस्वार | सोमवार, दुपारी १:४५

@बालवैद्य, मग "झोळीवाला असं काही नसतंच" हे सांगून टाकायचं का?

बालवैद्य | सोमवार, दुपारी २:१०

सांगायचं, पण तेवढ्यानं भागत नाही. तिला तो दिसतोय. "नसतं असं काही, वेडी आहेस का" म्हटलं तर ती आपल्याला सांगणं बंद करते, घाबरणं नाही. "तुला भीती वाटतेय ना? मी आहे" हे आधी. मग दिवसाउजेडी गॅलरीत खेळायचं, संध्याकाळी दोघींनी मिळून झाडांना पाणी घालायचं, मग दिवा लावून, मग दिवा मालवून. चित्र काढायला लावलं तरी छान. कागदावर आला की तो तिच्या हातात येतो.

हवालदाराची_लेक | सोमवार, दुपारी ४:३०

माझे वडील पोलीस खात्यात हवालदार होते. ड्युटीवरून परतताना गल्लीतल्या आया कडेवरच्या पोरांना म्हणायच्या, "ते बघ पोलीस आले, रडलास तर धरून नेतील." पोरं आईच्या गळ्यात तोंड खुपसायची. वडिलांना लहान मुलांची फार हौस. ते खिशातून गोळ्या काढायचे, पण पोरं हात पुढे करायची नाहीत.

एकदा यात्रेत चुकलेला एक मुलगा त्यांना सापडला. तो यांना बघून पळाला आणि गर्दीत शिरला. तासाभरानं एका फुगेवाल्यानं त्याला त्यांच्या स्वाधीन केलं. घरी येऊन वडील आईला म्हणाले होते, हरवलेलं पोर ज्याच्याकडे धावायला पाहिजे, त्याच्यापासूनच पळालं. तेव्हापासून आमच्या घरात पोलिसाच्या नावानं कुणी मुलाला भिववलेलं मला आठवत नाही. मुलांना १०९८ हा नंबरही पाठ करून द्या. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही मुलांसाठीची हेल्पलाइन आज देशभर चालते.

सुईवाली_ताई | सोमवार, संध्याकाळी ६:०५

+१००. मी उपकेंद्रावर परिचारिका आहे. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या दारातूनच आवाज येतो, "मस्ती केलीस तर ताई सुई टोचतील." ज्या मुलाला टोचायचंच आहे, त्याला ती शिक्षा म्हणून सांगितलेली असते. मग चार जणी धरायला लागतात, हात हलतो, जास्त दुखतं आणि पुढच्या खेपेला पोर गावाच्या वेशीवरच माझी गाडी ओळखतं. आयांनो, कळकळीनं सांगते, थोडं दुखेल आणि लगेच थांबेल एवढं खरं सांगा. पोरं खऱ्यावर विश्वास ठेवतात.

विहीर_पाया | सोमवार, रात्री ८:५०

पुलांच्या कामावर अभियंता होतो. नदीत पाया घ्यायला सुरुवात झाली की आसपासच्या गावांत हमखास बातमी उठायची: पुलाच्या पायात मूल पुरतात, पोरं सांभाळा. आमच्या छावणीतले मजूर परमुलखातले, भाषा वेगळी. संध्याकाळी ते बाजारात गेले की आया पोरांना आत ओढायच्या. शेवटी मुख्याध्यापकांना विनंती करून मुलांना कामावर बोलावलं. विहीर-पाया म्हणजे काँक्रीटची पोकळ विहीर, आतली माती उपसत गेलं की ती स्वतःच्या वजनानं खाली खाली बसत जाते. मुलांनी वरून वाकून बघितलं, सळया मोजल्या, एका बिहारी फिटरनं त्यांना हेल्मेट घालून दिली. त्या गावातली कुजबुज थांबली. शेजारच्या गावातली नाही थांबली.

डौर | सोमवार, रात्री १०:३०

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो. सोलापूर जिल्ह्यात शिक्षक आहे.

पारिजातताई, तुमच्या मुलीच्या गॅलरीत उभा असलेला झोळीवाला माझा आजा आहे.

आम्ही नाथपंथी डवरी गोसावी. भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात डौर, म्हणजे डमरूसारखं वाद्य. गावोगाव फिरून गोपीचंदाची, भर्तरीची गाणी म्हणायची, मिळेल ती भिक्षा झोळीत घ्यायची. लहानपणी मी आज्याबरोबर फिरलो आहे. गावात शिरलो की ओट्यावरची बाई कडेवरच्या पोराला आमच्याकडे बोट करून दाखवायची, "जेव, नाहीतर ह्या झोळीत टाकीन." पोर माझ्याकडे बघायचं. मी त्याच्याच वयाचा, झोळीशेजारी उभा. झोळीत काय असतं ते मला माहीत होतं: ज्वारी, शिळ्या भाकरी आणि माझ्यासाठी मागून घेतलेला एखादा जुना सदरा.

आजा हसून पुढे जायचा. तोही म्हणायचा, बायका पोरांना जेवायला घालतायत, घालू दे.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या समाजाची पाच माणसं जमावानं मारून टाकली. मंगळवेढ्याकडून तिकडे भिक्षा मागायला गेलेली. मुलं पळवणारी टोळी आली, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या वर्षी देशभर फिरलेला पोर पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा कापलेला तुकडा होता. तो बघून किती गावांत लोक उठले, ते सगळ्यांनी वाचलं आहे.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कलंक कायद्यातून निघायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आम्ही त्या यादीतले नव्हे, आम्ही भटके. पण वेशीवर उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाकडे बघताना गाव एवढा फरक करत नाही.

मोबाइलवरच्या निरोपानं पाच माणसं मेली, हे खरं. पण तो निरोप लोकांना एका क्षणात खरा का वाटला, हे मी रोज विचार करतो. मला वाटतं, झोळीवाला पोरं नेतो हे त्यांनी पहिल्या घासाबरोबर ऐकलेलं होतं. हाऊ ठेवा, हाकामारी ठेवा, आसरा ठेवा. त्यांना कुणी दगड मारू शकत नाही. झोळीवाला तेवढा काढून टाका.

पारिजात_पुणे | सोमवार, रात्री १०:५२

डौर सर, मी हे दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. उद्या लिहिते.

गडनदी | सोमवार, रात्री ११:०५

मनापासून आभार, डौर. माझ्या 'कुणाच्या बाजूचा' या म्हणण्यापेक्षा तुमचं म्हणणं फार मोठं आहे.

लक्ष्मणरेषा | मंगळवार, सकाळी ८:२५

राईनपाड्याची घटना भयंकरच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण मुलं खरोखर पळवली जातात. मला मुलगी आहे. अनोळखी माणसापासून सावध राहा हे तिला शिकवायचंच नाही का? थोडी भीती असलेली बरी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बालवैद्य | मंगळवार, सकाळी ९:३०

@लक्ष्मणरेषा, सावध जरूर करा. पण कशापासून, ते नेमकं सांगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत करणारा बहुतांश वेळा ओळखीचा असतो: नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा. त्याच्या खांद्यावर झोळी नसते. झोळीवाल्याला घाबरायला शिकलेलं मूल त्याच्याबद्दल गाफील राहतं. म्हणून माणसाचा वेश शिकवू नका, वागणं शिकवा. कुणी "हे आईला सांगू नकोस" म्हटलं तर ते आईला सांगायचंच. नको वाटणारा स्पर्श कुणाचाही असो, ओरडायचं आणि पळायचं. न विचारता कुणाबरोबरही जायचं नाही, काकाबरोबरसुद्धा. हे सांगायला राक्षस लागत नाही, आणि मुलीला तुमची भीती नसली तरच ती येऊन सांगेल.

लक्ष्मणरेषा | मंगळवार, सकाळी ९:४४

'वेश नको, वागणं' हे पटलं. बाकीचा विचार करते.

हुगळीचा_मराठी | मंगळवार, दुपारी १२:४०

झोळीवाल्यावरून एक सांगतो. माझी बायको बंगाली, मुलं कोलकात्यात वाढली. सासूबाई नातवंडांना झोपवताना एक जुनं अंगाईगीत म्हणतात. पोर झोपलं, पाडा शांत झाला, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता शेतसारा कसा भरू, अशा अर्थाचं. त्यातले बर्गी म्हणजे आपण! नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेतले बारगीर. १७४१ पासून दहा वर्षं त्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या. त्यांना अडवायला कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला होता, त्याचं नावच मराठा खंदक. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगालच्या पिढ्यानुपिढ्या आपल्या नावानं डोळे मिटून झोपल्या.

माझ्या मुलाला हे कळलं तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. त्यानं मला विचारलं, "बाबा, तू बर्गी आहेस?" आजीच्या गाण्यातला माणूस शेजारी बसून त्याच्याबरोबर गृहपाठ करतोय, हे त्याला काही केल्या जुळवता येईना.

भगवा_जरीपटका | मंगळवार, दुपारी १:१५

इतिहासाचा भाग म्हणून: चौथाई ठरलेली असताना ती दिली जात नव्हती, आणि १७४४ मध्ये भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बंगालच्या नवाबानं, अलिवर्दीखानानं, बोलणीसाठी बोलावून दगा दिला, हेही सांगायला हवं. मराठे म्हणजे राक्षस ही एक बाजू झाली.

हुगळीचा_मराठी | मंगळवार, दुपारी १:५०

@भगवा_जरीपटका, मनकरा इथं झालेला तो दगा खराच. १७५१ च्या तहानं ओरिसा आणि चौथाईपोटी सालीना बारा लाख मिळाले, मग स्वाऱ्या थांबल्या. पण अंगाई म्हणणाऱ्या बाईला तह ठाऊक नव्हता. तिचं भात गेलं होतं. तिनं नाव ठेवलं ते तिच्या दारात आलेल्याला.

ओकायामाहून | मंगळवार, दुपारी ३:३०

जपानमधून. इथे उत्तरेला अकिता प्रांतात ओगा नावाचं द्वीपकल्प आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे 'नामाहागे' येतात: लाकडी राक्षसमुखवटे, अंगावर गवताचे झगे, हातात लाकडी सुरे. गावातलीच तरुण माणसं. "रडणारं पोर आहे का? आळशी पोर आहे का?" असं गर्जत घरात घुसतात. पोरं अक्षरशः भिंतीवर चढतात. २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत अशा मुखवटेधारी पाहुण्या देवांच्या विधींत यांचंही नाव आलं.

सहकाऱ्याच्या गावी हे बघायला मिळालं. माझ्या लक्षात राहिला तो मुलांचा बाप. त्यानं पोरांना पाठीशी घेतलं, नामाहागेंना बसवलं, साके पाजली आणि हात जोडून सांगितलं, "आमची मुलं चांगली आहेत, मी हमी देतो." राक्षस तंबी देऊन गेले. मुलांनी आयुष्यभर लक्षात काय ठेवलं, तर बाबा राक्षसासमोर आमच्यासाठी उभा राहिला. पारिजातताईंच्या घरी मावशी राक्षसाच्या बाजूनं उभ्या आहेत, म्हणून पोर एकटं पडलंय. गडनदी हेच म्हणतायत ना?

गडनदी | मंगळवार, दुपारी ४:०२

हेच.

कोयनेचे_पाणी | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

माझं वय सत्तरीच्या पुढचं. पाटण तालुक्यात लहानाचा मोठा झालो. खवीस, समंध, मानकाप्या, सगळे आमच्या आळीत राहायचे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. घरं बसली, जमिनीतून गाड्या धावल्यासारखा आवाज. त्यानंतर कित्येक रात्री सगळं गाव थंडीत खळ्यावर झोपत होतं. अंधार मिट्ट, दिवे मोजके, जवळच स्मशान. एकाही पोरानं खवीसाचं नाव काढलं नाही. कुशीला आई, पलीकडे शेजारची माणसं, म्हाताऱ्या ओव्या म्हणायच्या. अंधाराची भीती अंधाराची नसावी, एकटेपणाची असावी, असं मला तेव्हापासून वाटतं. पारिजातताई, काही दिवस मुलीला तुमच्याजवळ झोपवा. सवय लागेल म्हणून घाबरू नका.

पारिजात_पुणे | मंगळवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. आज अर्धी सुट्टी घेऊन मावशींशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, डबा रिकामा दिसला नाही तर तुमचं तोंड उतरतं. मला वाटतं, हिला जमत नाही म्हणून दुसरी बाई बघाल." त्यांच्या आधीच्या कामावर तसं झालं होतं. म्हणजे पोर झोळीवाल्याला घाबरत होती आणि मावशी मला. ठरवलं की डबा किती उरला ते आता मी विचारणार नाही. भूक असेल तेवढं खाईल. मावशींना ते ऐकून हलकं वाटलेलं दिसलं.

डौर सरांचं लिहिणं मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आमच्या गावीही असे गोसावी यायचे, माझी आई त्यांना पहिली भाकरी द्यायची. मग संध्याकाळी त्यांनीच मुलीला सांगितलं, झोळीवाला गाणी म्हणतो आणि झोळीत भाकरी असते. मुलीनं बराच वेळ विचार करून विचारलं, "भाकरी कशाबरोबर खातो?" गॅलरीत अजून जात नाही. बालवैद्यांनी सांगितलं तसं उद्यापासून सकाळी झाडांना पाणी घालायला सुरुवात करतोय.

डौर सर, ती गाणी कुठे ऐकायला मिळतील का? तिला ऐकवायची आहेत.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री ९:२२

भाकरी कशाबरोबर, हा प्रश्न लेकरानं बरोबर विचारला! ठेच्याबरोबर, म्हणून सांगा तिले.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

आसरांबद्दलचं माझं मत तेच आहे. पण डौर सरांनी आसरा ठेवायला परवानगी दिली आहे आणि झोळीवाला काढायला सांगितलंय, ते मला मान्य आहे. आमच्या घरी नातवंडांसमोर आता तो शब्द नाही.

डौर | मंगळवार, रात्री १०:१५

पारिजातताई, वडील अजून म्हणतात. आवाज बसला आहे, पण गोपीचंद राजा जोग घेऊन आईच्या दारी भिक्षा मागायला येतो तो प्रसंग अजून पूर्ण पाठ आहे. आमच्या पुढच्या पिढीत डौर वाजवणारं कुणी नाही, मलाही नीट येत नाही. येत्या रविवारी शाळेला सुट्टी आहे, तेव्हा त्यांच्यासमोर बसून मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि गाण्यांसाठी वेगळा धागा काढतो. शब्द उतरवायला कुणी मदत करणार असेल तर सांगा, जुनी बोली आहे, काही ठिकाणी मलाही अडतं.

कोयनेचे_पाणी | मंगळवार, रात्री १०:२८

मी करतो. वेळ आहे आणि ती बोली कानावरची आहे. फाइल पाठवा.

हवालदाराची_लेक | मंगळवार, रात्री १०:३१

मीही. टंकन माझ्याकडे द्या.